मधली जागा

'सदर्न ग्रेस' जहाज, ब्रिजटाउन बंदर
१० ऑक्टोबर १९९३

तीर्थरूप म्हाळसाआत्या,

तुझा त्रिंबक पाया पडतो. मी धडधाकट आहे, समुद्र आता लागत नाही, आणि ताटात काय पडलंय ते ओळखून मगच खातो. तेव्हा ती काळजी सोड.

आत्या, मला तुझी अक्कल उसनी पाहिजे. हसू नको, खरंच सांगतोय.

आमचं जहाज म्हणजे सात मजल्यांचं तरंगतं हॉटेल. बाराशे लोक आठ-पंधरा दिवस नुसते फिरायला येतात. बहुतेक जोडप्यानं नाहीतर लेकराबाळांसकट. पण दर फेरीला साठ-सत्तर माणसं एकटी असतात. कुणाची बायको वारलेली, कुणी लग्नच केलेलं नाही, कुणाला आपलं एकट्यानंच हिंडायचं असतं. खोल्या दोघांच्या, म्हणून एकट्याकडूनही जवळजवळ दोघांचं भाडं घेतात. आणि एवढं भरून ही माणसं करतात काय? खोलीत ताट मागवून दार लावून जेवतात.

का, ते मला ठाऊक आहे, कारण मी डायनिंग हॉलमध्ये वाढपी आहे. दारात आलेल्याला आम्ही विचारायचं, किती जण? तो म्हणतो, एक. मग आम्ही म्हणायचं, फक्त एक? त्याला टेबलाशी न्यायचं आणि त्याच्या समोरचं दुसरं ताट, पेला, काटे-चमचे त्याच्या डोळ्यांदेखत उचलून न्यायचे. आत्या, त्या वेळचे त्यांचे चेहरे मला बघवत नाहीत.

एकदा हे साहेबासमोर बोलून बसलो. नॉर्वेचा आहे, साडेसहा फूट, हसायचं माहीत नाही. म्हणाला, एवढं दिसतं ना तुला, मग एकट्या प्रवाशांची सगळी व्यवस्था तूच आख. कुठं बसवायचं, कोण सोबत द्यायचं, बंदरावर कसं न्यायचं, सगळं. नव्या वर्षाच्या फेरीपर्यंत मुदत. जमलं तर पक्की नोकरी, नाही जमलं तर करार संपला की घरचा रस्ता.

आता मला सांग, बारा वर्षं तू चितेगावात घर सोडून आलेल्या चाळीस कामगारांना दोन वेळा जेवू घालतेस. मी स्वतः दोन वर्षं तुझ्या त्या पंगतीत जेवलोय. तुझ्या खानावळीतून कुणी ताट उचलून खोलीवर जात नाही. का जात नाही? तू नेमकं करतेस काय?

उत्तर पंगतीतल्या कडुबालाच लिहायला सांग, त्याचं अक्षर लागतं. विद्यापीठाच्या नामांतराचं तिकडं काय चाललंय? इथल्या पेपरात आपल्या भागाचं नावसुद्धा नसतं.

तुझा,
त्रिंबक


मु. पो. चितेगाव, ता. पैठण
२ नोव्हेंबर १९९३

चि. त्रिंबकाला आत्याचा आशीर्वाद. कडुबाच्या हातानं लिहून घेते.

तुहं पत्र पंगतीत वाचलं. आता ही रीतच पडली बघ. आमटी वाढून झाली की पोरं म्हणत्यात, आत्या, जहाज काढा! मंग कडुबा वाचतो आन् लेथवाले, पॅकिंगवाले, वाचमन, सगळे घास हातात धरून ऐकत्यात. समोरचं ताट उचलून नेत्यात हे ऐकलं तव्हा कुणी बी हसलं नाय.

आरं येड्या, एवढं शिकलास आन् ह्ये मला इच्यारतोस व्हय? आपुन मेंढरांमागं फिरत व्हतो तव्हा तू बारका व्हतास, तरी तुह्या ध्यानात राह्याला पायजे व्हतं. तळ पडला, सांजंला वाटंचा कुणी एकटा माणूस आला, तर त्याला कडंला बसवायचं नाय. कडंला आपुन, मधी तो. कळपात नवं मेंढरू घेतलं तरी तसंच. मधी घालायचं. कडंला राह्यलं तर लांडगा पयलं तेच उचलतो. तुह्या आज्यानं ह्येच केलं, तुह्या बापानं ह्येच केलं. म्या बी खानावळीत दुसरं काय करीत नाय. नवा माणूस आला की मधी. नाव इच्यारते, आडनाव इच्यारत नाय. दुसरी भाकर न इच्यारता टाकते, कारण मागावी लागली की माणूस लाजतो आन् अर्धपोटी उठतो. झालं! ह्येला काय नॉर्वेचा साहेब लागतो?

खानावळीच्या शेडचा पत्रा तसाच गळका हाय. शेडच्या मालकाचं, त्या अप्पारावाचं नाव काढू नको, माहं टकुरं फिरतं. नामांतराचं लोकं लई बोलत्यात. पंगतीत बोलायचं नाय आसं म्या बजावून ठिवलंय. जपून राह्य. पोटाला खा.

तुही आत्या, म्हाळसाबाई

(त्रिंबकभाऊ, हे खालचं माझ्या मनानं लिहितोय. आत्या भांडी आवरायला गेल्यात. अप्पाराव आठ दिवसांत दोनदा येऊन गेला. म्हणतो, जयभीमवाल्यांची पंगत वेगळी लाव, नाहीतर शेड खाली कर. जयभीमवाला म्हणजे आता इथं मी एकटाच. बाकीचे दोघं गेल्या महिन्यात शहरात राहायला गेले. आत्या त्याला हो म्हणाल्या नाहीत, आणि नाही पण म्हणाल्या नाहीत. अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावापायी गंगापूरकडचं आमचं घर जळालं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो, त्यामुळं हवा कुठल्या बाजूची आहे ते मला लवकर कळतं. तुम्ही त्यांना धीराचे चार शब्द लिहा. पण मी कळवलं असं कुठं येऊ देऊ नका. — कडुबा)


'सदर्न ग्रेस', सान हुआन
२५ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप आत्या,

तुझ्या अकलेनं माझी पार शोभा झाली!

'मधी बसव' म्हणालीस, म्हणून मी हॉलच्या बरोब्बर मधोमध, मोठ्या झुंबराखाली, आठ एकट्या प्रवाशांसाठी गोल टेबल मांडलं. चारी बाजूंनी सहाशे माणसं जेवतायत. बँडवाल्याला चेव आला, त्यानं खास त्यांच्यासाठी गाणं धरलं. लोक टाळ्या पिटायला लागले. ती आठ माणसं पंचांपुढं उभं केल्यासारखी खाली मान घालून सूप प्यायला लागली. त्यांत हार्परबाई म्हणून इंग्लंडातल्या शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीणबाई होत्या, चौसष्ट वर्षांच्या, लग्न न केलेल्या, सबंध हिवाळा जहाजावरच काढणाऱ्या. त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, 'तरुणा, मी विकायला मांडलेली नाही.' आणि चालत्या झाल्या. तेव्हापासून खोलीबाहेर आल्या नाहीत. लेखी तक्रार गेली आहे. साहेब म्हणाला, अजून एकच संधी.

तळावर मधे बसवलेला पाहुणा खूश असायचा. मग इथं काय चुकलं? नीट उलगडून सांग. मला खरंच कळत नाही.

आता दुसरं. पाच मिनिटांत टपालाची पिशवी बंद होतेय, म्हणून घाईत लिहितो. कडुबा, पंगतीत वाचताना एवढं गाळशील आणि आत्याला एकटीला वाचून दाखवशील, म्हणून इथंच लिहितो. आत्या, कडुबानं मला सगळं कळवलंय. अप्पाराव काय म्हणतो, दोनदा कसा आला, तू कशी गप्प राहिलीस, सगळं. त्या माणसाला घाबरू नको. शेड त्याची आहे, पंगत तुझी आहे. सरळ नाही म्हणून सांग.

तुझा,
त्रिंबक


चितेगाव
२० डिसेंबर १९९३

चि. त्रिंबक यांस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले पत्र पोहोचले. कडुबा यांची दुसरी पाळी असल्यामुळे ते मी, धोंडिबा, पॅकिंग खाते, याने पंगतीत उभे राहून वाचून दाखवले. काहीही गाळले नाही. अप्पाराव हेही त्या वेळी दारात हजर होते.

कडुबा आता खानावळीत जेवत नाहीत. कामावरही दिसत नाहीत, गावी गेले असावेत. येथे सर्व क्षेम आहे. अप्पाराव हे भले गृहस्थ असून त्यांच्यामुळेच खानावळ चालली आहे, असे म्हाळसाबाई सांगतात. आपण येथील काळजी करू नये व आपल्या कामाकडे लक्ष द्यावे.

टेबलाबाबत म्हाळसाबाईंनी त्यांच्याच शब्दांत लिहायला लावले आहे, म्हणून तसेच लिहितो: 'गाढवा, मधी म्हंजी दोन्ही बाजूला माणूस. मधी म्हंजी चव्हाट्यावर उभं करणं नव्हं. एकट्या आठांचं टेबल एकीकडं मांडलं, मंग ते हालच्या मधी मांड नायतर कोपऱ्यात मांड, ती वेगळी पंगतच झाली.'

शेवटी त्यांनी असेही लिहिण्यास सांगितले आहे की, त्रिंबकाला कळव, औंदा मेंढरू कडंला राह्यलं. याचा अर्थ मला लागला नाही, कारण म्हाळसाबाईंकडे आता मेंढरे नाहीत.

कळावे,
म्हाळसाबाई यांचे सांगण्यावरून, धोंडिबा


'सदर्न ग्रेस', ब्रिजटाउन
६ जानेवारी १९९४

आत्या,

धोंडिबा, हे पत्र तुझ्याच हातात पडणार. मागच्यासारखंच उभं राहून, मोठ्यानं वाच. काहीही गाळू नको.

आत्या, तुझ्या तोंडून अप्पारावाची स्तुती म्हणजे कुणीतरी तुझ्या मानेवर हात ठेवून वदवून घेतलेली. आणि मेंढराचं मला कळलं. कडुबाला तू कडेला बसवलंस ना? पण त्याला कडेला ढकलला तो मी. त्यानं मला विश्वासानं चार ओळी लिहिल्या, कुठं येऊ देऊ नका म्हणाला, आणि मी घाईत त्या चव्हाट्यावर मांडल्या. पत्र पंगतीत वाचतात हे मला पक्कं ठाऊक होतं. तोच वाचेल, असं मी धरून चाललो. त्याची पाळी बदलू शकते, एवढाही विचार केला नाही.

आणि त्याच्याही आधीचं सांगायचंय. आता पंगतीतल्या सगळ्यांनी ऐका. कडुबा पहिल्यांदा जेवायला आला त्या दिवशी आत्यानं रिवाजाप्रमाणं त्याला मधे बसवलं, माझ्या शेजारी. दोन दिवस आम्ही मजेत गप्पा मारत जेवलो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी माझ्या कानात तो कोण ते सांगितलं. चौथ्या दिवशी मी आत्याला म्हणालो, मला मधे उकडतं, मी दारापाशी बसतो. आत्या, तेव्हा डिसेंबर होता. उकडत कुणालाच नव्हतं. मी हललो म्हणून दुसऱ्या बाजूचाही सरकला. तेव्हापासून कडुबा मधे बसायचा खरा, पण त्याच्या दोन्ही अंगाला हात-हातभर जागा रिकामी असायची. तुम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिली. आणि त्याच माणसाच्या हातानं लिहिलेली पत्रं मी इथं उशाशी घेऊन झोपतो. मला माझीच लाज वाटते. अप्पाराव आज जे तोंडानं म्हणतोय ते मी चार वर्षांपूर्वी न बोलता करून मोकळा झालो होतो.

इथलं सांगतो, नाहीतर म्हणशील पत्रात जहाज नाही. मी हार्परबाईंचं दार वाजवलं, माफी मागितली, आणि तुमच्यासाठी काय करू म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, 'हा प्रश्न तू टेबल मांडायच्या आधी विचारायला हवा होतास.' आता मी जहाज सुटायच्या दुपारीच प्रत्येक एकट्या प्रवाशाला भेटतो. कुणाला रोज सोबत हवी असते, कुणाला फक्त बंदरावर उतरताना, कुणाला अजिबात नको असते. रोज बदललं तरी चालतं. कुठलंच टेबल एकट्यांचं नाही. दुसरं ताटही पाहुणा बसल्यावर उचलायचं नाही. हार्परबाई काल एका म्हाताऱ्या जोडप्याबरोबर जेवल्या आणि आज एकट्या, खिडकीपाशी, पुस्तक वाचत. दोन्ही दिवस त्यांच्या मनानं. साहेबाचा निकाल पंधरा दिवसांत कळेल. पण जीव थाऱ्यावर नाही.

कडुबा कुठं आहे? आत्या, काय वाटेल ते कर, पण त्याला शोध.

त्रिंबक


औरंगाबाद, छावणीजवळ
३० जानेवारी १९९४

त्रिंबका,

ह्ये पत्र कडुबाच्या बहिणीच्या, आशाबाईच्या घरी बसून सांगते. आशाबाई बालवाडीत शिकविते. तीच लिहून घेतीय. म्हंजी जे सांगते ते तिच्या तोंडावर सांगते, खोटं सांगायची सोयच नाय.

तुहं दोन महिन्यांमागचं पत्र धोंडिबानं वाचलं तव्हा अप्पाराव दारात हुबा व्हता. म्हनला, आमच्या भाकरी खाऊन आमच्याच चुगल्या? भाकरी माह्या, आन् म्हनतो आमच्या! पर म्या तशीच आमटी वाढीत राह्यले. दुसऱ्या दिशी कडुबा जेवाया आला. त्याला कुणी काय सांगितलं नव्हतं. म्या म्हनलं, कडुबा, आज दारापाशी बस बाबा. मनाला म्हनलं, भांडण पेटलंच तर त्याला बाहीर पडाया सोपं. झूट व्हतं ते. म्या भ्याले व्हते, त्रिंबका. शेड गेली तर ह्या वयात चूल कुठं मांडू, येवढंच डोस्क्यात व्हतं. कडुबानं माह्याकडं बघितलं. दारापाशी बसला, अर्धी भाकर खाल्ली, ताट घासून ठिवलं आन् गेला. मला शिव्या दिल्या आसत्या तरी बरं वाटलं आसतं.

मंग संक्रांत आली. त्या दिशी विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. बाबासाहेबांचं नाव लागलं. फाट्यावर पोलिसाच्या गाड्या, यष्टी बंद, फॅक्टरीची शिफ्ट बंद, चार-पाच दिवस कुणी घराच्या बाहीर नाय. कडुबा जित्ता हाय का, कुठं हाय, मला काय ठावं नाय. भाकरी थापता थापता माहे हात थांबायचे.

तुहं हे दुसरं पत्र इसाव्या का एकइसाव्या तारखंला आलं. धोंडिबा चार ओळी वाचून थांबला, म्हनला, आत्या, पुढलं मनातल्या मनात वाचू का? म्या म्हनलं, वाच, मागलं वाचताना तर तुहा आवाज लई मोठा व्हता. त्यानं समदं वाचलं. तुला काय वाटतं, सगळे रडले आसतील? धा जण ताटावरून उठून गेले. बाकीचे खाली मान घालून जेवले. कुणी बी चुकलं म्हनलं नाय. एक वाचमन तेवढा माह्यापाशी आला, म्हनला, आत्या, सरकणारा दुसरा मी व्हतो.

दुसऱ्या दिशी अप्पाराव सकाळीच आला. म्या म्हनलं, ह्या शेडमधी पंगत एकच बसंल. तो म्हनला, मंग पाडव्याच्या आत शेड खाली कर. म्या म्हनलं, करते. बोलून टाकलं आन् मंग चूल कुठं मांडायची ते आठवलं. पर बोललं ते बोललं. पाडव्यानंतर कुठं जायाचं ते आजून ठरलं नाय. तू घाबरून काय बी धाडू नको, माहे हातपाय धड हायेत.

मंग यष्टी सुरू झाल्यावर हिकडं आले. ह्या दाराम्होरून म्या बाजाराला जाताना चार वरसं गेले. आशाबाई दरवेळंला म्हणायची, आत्या, पाणी तरी प्या. म्या म्हणायची, घाई हाय. कसली घाई व्हती, सांग? चार वरसं कडुबा माह्या हातचं जेवला आन् म्या त्याच्या घरचा तांब्या तोंडाला लावला नाय. कुणी मला नको म्हनलं नव्हतं. माही मीच.

आज तांब्या पुढं आला. म्या पेले. मला वाटलं व्हतं, काय तरी व्हईल आतमधी. काय झालं नाय. तहान लागली व्हती, ती भागली. मंग आशाबाईनं बेसन-भाकर वाढली, तिखटजाळ, डोळ्यातून पाणी आलं. तिखटानं बी आलं, दुसऱ्यानं बी आलं.

कडुबा घरातच व्हता. म्या म्हनलं, लेका, चुकले. चल माघारी, मधी बसविते तुला. तो शांतपणी म्हनला, 'आत्या, मधी बसवा नायतर कडंला बसवा, बसवणाऱ्या तुम्हीच. मला कुणी बसवाया नको आता.' तो येणार नाय, त्रिंबका. माह्यावर त्याचा राग नाय आसं तो म्हनतो. राग आसता तर निवला आसता.

त्याला तुला काय तरी लिहायचं हाय. ह्याच पाकिटात घालिते. म्या वाचून घेतलं नाय.

आत्या


औरंगाबाद
३० जानेवारी १९९४

श्री. त्रिंबक यांस,

आत्या इथं येऊन रडल्या. तुम्ही पत्रात काय काय कबूल केलंत ते त्यांनी मला सांगितलं. चाळीस जणांसमोर ते वाचलं गेलं म्हणतात. त्या चाळिसांत मी नव्हतो.

तुम्ही मधून उठून दारापाशी गेलात त्या दिवशीच मला कळलं होतं. मीही दुसरी खानावळ बघायचं ठरवलं होतं. पण त्याच रात्री आत्यानं मला न विचारता तिसरी भाकर टाकली, म्हणून राहिलो. पुढं तुम्ही जहाजावर गेलात आणि तुम्हाला पत्रं लिहायचं काम माझ्याकडं आलं. 'कडुबाचं अक्षर लागतं' असं तुम्ही दरवेळी लिहायचात. मला ते वाचून बरं वाटायचं. का वाटायचं, याचा आता राग येतो.

तुम्ही आत्यापुढं कबूल केलंत, पंगतीला ऐकवलंत. त्या इंग्रजबाईंचं तर दार वाजवून माफी मागितलीत. मला शोधायचं मात्र आत्यावर सोपवलंत, माझ्या नावाची एक ओळ त्या पाकिटात नव्हती. आमच्या दाराशी आत्याच आल्या.

इकडच्याच एका कारखान्यात कामावर जातोय. तब्येत ठीक आहे. एवढंच लिहायचं होतं.

कडुबा


'सदर्न ग्रेस', सान हुआन
१९ फेब्रुवारी १९९४

कडुबा,

हे पत्र तुमच्या पत्त्यावर, तुमच्या एकट्यासाठी. कुणाला वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी तुमच्या शेजारून उठलो. कुणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनानं उठलो. तुम्ही विश्वासानं लिहिलेलं मी उघडं पाडलं. त्यामुळं तुमची जेवायची जागा गेली आणि माझ्या अंगाला काहीच झालं नाही. उलट साहेबानं माझा आराखडा घेतला, मला पक्की नोकरी मिळाली. तुम्हाला हे सांगायला जीभ रेटत नाही, पण लपवलं तर पुन्हा तेच झालं.

माफी मागतो. ती तुम्ही द्यावी असं म्हणत नाही.

मे महिन्यात सुट्टीवर येतोय. तुमच्या बहिणीच्या घरी जेवायला येऊ का? नको असेल तर नको म्हणा, पण कळवा.

त्रिंबक


औरंगाबाद
१२ मार्च १९९४

त्रिंबक,

पत्र मिळालं. घरात वाचून दाखवलं नाही. बहिणीला फक्त तुम्ही काय विचारलंय ते सांगितलं.

या. चहा होईल. जेवणाचं नंतर बघू.

कडुबा